मुद्देमाल: एक मडकं, सीलबंद

ती घटना आजही आठवते, आणि आठवण करून द्यायला नाचणीची एक भाकरी पुरते. बायको म्हणते, तुम्ही भाकरीकडे आरोपीकडे बघावं तसं बघता. तिचं खरं आहे. सगळ्या नोकरीत खून, दरोडे, जाळपोळ, काय काय पाहिलं आणि त्यातलं बरंचसं विसरूनही गेलो. पण एका मडक्याची केस काही केल्या पाठ सोडत नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर असेल. मी तेव्हा मुरबाड तालुक्यात फौजदार होतो. मूळचा मी घाटावरचा, ज्वारी-बाजरीच्या मुलखातला. भात कधी लावतात आणि नाचणी कुठे पिकते, हे मला नोकरीने शिकवलं. आमच्या हद्दीत माळशेजच्या रस्त्यापासून बऱ्याच आत, शहापूरच्या सीमेकडच्या डोंगरात चार वाड्या होत्या. नावं सांगत नाही. या चारही वाड्या खालच्या एका मोठ्या गावाच्या ग्रामपंचायतीला जोडलेल्या. दाखला हवा तर खाली उतरा, रेशन हवं तर खाली उतरा. ग्रामसभाही खालीच, आणि तीही अशा वेळी, की वाडीवरचा माणूस पोहोचेपर्यंत ठराव होऊन सतरंजी गुंडाळलेली असायची. ‘आमची वेगळी पंचायत द्या’ असे अर्ज त्यांनी वर्षानुवर्षं दिले होते. ती फाईल मी नंतर तहसील कचेरीत पाहिली. प्रत्येक अर्जावर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे’ असा शेरा होता. पुढे म्हणजे कुठे, ते तिथल्या कारकुनालाही सांगता आलं नाही.

त्याच सुमारास डोंगरी आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा झाला होता. तो नीट कुणीच वाचला नव्हता, वाड्यांनीही नाही आणि आम्हीही नाही. वाड्यांनी वाटेच्या तोंडाशी एक दगड उभा केला आणि त्यावर चुन्याने लिहिलं, ‘इथून पुढे आमचा कारभार. सरकारी माणसाने विचारून यावे.’ एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण एक दिवस त्यांनी ग्रामसेवकाला त्या दगडापाशी दोन तास उभं करून ठेवलं. चहा दिला, पण आत सोडलं नाही. ग्रामसेवकाने तक्रार दिली आणि आमच्या ठाण्यात सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल झाला.

त्यानंतर आठवड्याभरात खबर आली. वैशाखरे गावात रस्त्याकडेच्या टपरीवर मी आणि हवालदार चहा पीत होतो. हवालदार किन्हवलीकडचा, भातशेतीवाल्या घरातला, बोलायला तिरकस पण कामाला पक्का. तेवढ्यात चाळिशीचा एक माणूस बाजूला येऊन उभा राहिला. अंगात इस्त्रीचा सदरा आणि पायांतल्या वहाणा धुळीने भरलेल्या, म्हणजे डोंगर उतरून आलेला. खालच्या पंचायतीत तो वाड्यांच्या बाजूने निवडून गेलेला सदस्य होता.

“सायेब, माजा नाव कुठं लिवायचा नाय,” तो म्हणाला.

“नाही लिहीत. बोल.”

“परवा आमच्यात मतदान हाय. सरकारात रावायचा का नाय, त्याचा.”

“सरकारात म्हणजे?”

“खालच्या पंचायतीत. पन आज पंचायत सोडतील, उद्या तहसील सोडतील. चारी वाड्यांची मानसा जमनार हायेत. तुमी काय ता समजून घ्या.”

एवढं बोलून तो निघून गेला. हवालदार म्हणाला, “साहेब, मतदान म्हटल्यावर तुम्हाला मतपेटी दिसली असेल. डोंगरात काय असेल देवाला ठाऊक. मी म्हणतो, दोन दिवस गप बसू. मतदान होईल, भांडण होईल आणि मग आपोआप आपल्याकडेच येतील.”

त्याचं ऐकायला हवं होतं. पण मी तरुण होतो आणि खबर दाबून ठेवली असा ठपका मला नको होता. जसं ऐकलं तसं वर कळवलं. वायरलेसवरून संदेश एकेक पायरी चढत गेला आणि प्रत्येक पायरीवर थोडा फुगला. संध्याकाळी तो जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचला, तेव्हा आमच्या चार वाड्यांचा ‘डोंगरी पट्टा’ झाला होता आणि वेगळ्या पंचायतीची मागणी ‘शासन नाकारण्याबाबत जनमत’ झाली होती. साहेबांचा फोन आला. अडथळ्याच्या गुन्ह्यात राजद्रोहाचं कलम वाढवा, मतदानाचं साहित्य जप्त करा आणि म्होरक्याला ताब्यात घ्या.

बंदोबस्ताच्या गाड्या मिळेपर्यंत मतदानाचा दिवस उलटला, आम्ही पोहोचलो ते दुसऱ्या दिवशी सकाळी. भात-नाचणीची झोडणी संपून खळी रिकामी झाली होती. वाघोबाच्या दगडापुढच्या मोकळ्या जागेत शे-दीडशे माणसं बसली होती, बायाही तेवढ्याच. एका कडेला तीन दगडांच्या दोन मोठ्या चुली मांडलेल्या. त्यांच्याजवळ तपेली, लाकडं आणि पानांच्या पत्रावळी. मधोमध एक मातीचं मडकं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं. आम्हाला पाहून कुणी पळालं नाही. साठीचा एक म्हातारा उठून पुढे आला. वाड्यांचा कारभार तोच बघायचा.

“या सायेब,” तो म्हणाला. “घटकाभर बसा. आता मोजायचाच हाय. मोजून झाला का जेवूनच जावा.”

इतक्या साध्या आवाजात म्हणाला, की क्षणभर मी बसणारच होतो. पण मागे दोन गाड्या भरून पोलीस उभे होते. मी म्हणालो, “मोजायचं काही नाही. हवालदार, मडकं ताब्यात घ्या.”

तेव्हा पहिल्यांदा लोकांत हालचाल झाली. म्हाताऱ्याची बायको मडक्याच्या आडवी आली. “न्हेऊ नका रे,” ती म्हणाली. “बसलेला भांडा शिजल्याबिगर न्हेऊ नये.” मला त्यातलं काही कळलं नाही. म्हाताऱ्याने तिला हाताला धरून बाजूला केलं. हवालदाराने फडक्यावर लाखेचं सील केलं आणि मी पंचनामा लिहिला. त्यातलं वाक्य मला अजून पाठ आहे: ‘एक मातीचे मडके, तोंड कापडाने बांधलेले, हलवून पाहता आत धान्यसदृश वस्तू खुळखुळते.’ चुली आणि पत्रावळींबद्दल लिहिलं, ‘मोठ्या जमावाच्या भोजनाची पूर्वतयारी.’ कागदावर ते वाचलं की कट शिजत होता असंच कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तिथे फक्त पेज शिजणार होती.

ठाण्यात मी म्हाताऱ्याची चौकशी सुरू केली. खुर्ची दिली तरी तो जमिनीवर बसला. वयाचा मान ठेवून अहोजाहो करायची तेव्हा मला सवय नव्हती, याची आज लाज वाटते.

“किती जणांनी वेगळं व्हायचं मत दिलं?”

“मोजलाच नाय, तं कसा सांगू?”

“अंदाजाने सांग.”

“अंदाजानं भागला असता, तं मडका कशाला बसवला असता सायेब?”

“तुझ्या बाजूला कोण कोण आहे?”

“तुमी मतदान करताव, ता कोनाला केलाव ता सांगताव काय कुनाला?”

बाजूला लिहीत बसलेल्या हवालदाराने तोंड फिरवलं. हसू लपवायला फिरवलं, हे मला कळत होतं. मी टेबलावर हात आपटला, राजद्रोहाला जन्मठेप असते ते सांगितलं, थोडा आवाजही चढवला. म्हातारा घाबरला नाही असं नाही. पण नाव त्याने एक सांगितलं नाही. दोन दिवस हेच चाललं. तो फक्त एक प्रश्न फिरून फिरून विचारायचा. “भांडा उघडलाव काय?” मी नाही म्हणायचो.

एक गोष्ट मात्र मी टिपून ठेवली होती. खबर कुणी दिली, हे त्याने एकदाही विचारलं नाही. माझ्या अनुभवात पकडलेला प्रत्येक माणूस पहिल्यांदा तेच विचारतो.

तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या दारात एक माणूस घोंगडी आणि धोतर घेऊन उभा राहिला. टपरीवरचा तोच खबऱ्या. म्हाताऱ्याला कपडे द्यायचेत म्हणाला. मी त्याला मागच्या बाजूला नेलं आणि विचारलं, “तुझा आणि त्याचा काय संबंध?”

“भाव हाय माजा. थोरला.”

मी कपाळावर हात मारून घेतला. पोलिसात राहून माणूस बधिर होतो म्हणतात, पण त्या वेळी मला खरोखर चीड आली. स्वतःच्या भावाला आत घातलंस, असं मी त्याला तोंडावर म्हणालो.

तो भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, “मी येगळा व्हायच्या इरोधात हाय सायेब, आजबी हाय. आमी चार वाड्या. शाळेचा मास्तर खालचा, रेशन खालचा, दवाखाना खालचा. येगळा झालो तं ह्या सगळ्याला कोन इचारनार? ता माज्या भावाला नाय पटत. मला वाटला, समदी त्याच्याच मागं जातील, मी हरनार. तवा तुमच्याकडं आलो. वाटला, तुमी याल, मडका मोडून टाकाल, आनि इषय मिटंल.”

“मोडण्यात आणि नेण्यात फरक काय?”

मग त्याने मला ती रीत सांगितली. चौकशीत जे दोन दिवसांत निघालं नव्हतं ते या माणसाने एका दमात सांगितलं. वाड्यांत मोठा मतभेद झाला की मडकं बसवतात. बायका-पुरुष सगळे एकेक करून फडक्याखाली मूठ घालतात आणि एक दाणा सोडतात. या वेळी ठरलं होतं, नाचणीचा दाणा म्हणजे वेगळं व्हायचं आणि भाताचा दाणा म्हणजे आहे तसंच राहायचं. नाचणी डोंगरउतारावर पिकते आणि भात खाली, म्हणून तसं. मडकं रात्रभर वाघोबापुढे ठेवायचं, म्हणजे लोकांचा राग निवतो. सकाळी दोन्ही बाजूंनी मिळून सगळ्यांसमोर मोजायचं. मोजून झालं की ते सगळे दाणे, नाचणीचे आणि भाताचे, कांडून-दळून एकाच तपेल्यात टाकायचे, घरोघरचं धान्य त्यात घालायचं आणि त्याची पेज करून सगळ्यांनी एका पंगतीला जेवायचं. हरलेल्यानेही जेवायचं. जेवण झालं की तो विषय पुन्हा काढायचा नाही.

आणि मडकं बसल्यापासून शिजेपर्यंत कुणी कुणाच्या घरी जेवायचं नाही. जेवण घालून मत फिरवलं असं व्हायला नको, म्हणून. निवडणुकीची आचारसंहिता म्हणजे काय, हे मला सरकारने शिबिरं घेऊन शिकवलं होतं. ती इतक्या थोडक्यात मी कुठेच ऐकली नव्हती.

“मडका फुटला तं नवा बसवता येतो,” तो म्हणाला. “पन न्हेलेला मडका बसलेलाच ऱ्हातो सायेब. तो शिजत नाय तवर दुसरा बसवता येत नाय. आनि माज्या भावानं तो सवताच्या हातानं बसवलाय. आमचा आंगन येक हाय. दोन दिसांसाठी चुली येगळ्या केल्या व्हत्या, दोन दिसांसाठी.”

मी आत आलो आणि हवालदाराला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे तंबाखू मळली आणि विचारलं, “साहेब, मुद्देमाल खोली आवरताना मडकं माझ्या हातून पडलं, असं डायरीत लिहू का? एक इन्क्रिमेंट जाईल माझं. जाऊ दे.”

तो थट्टा करत नव्हता. मी त्याला झापलं. पुराव्याला हात लावायचा नाही, हे त्याला माझ्याहून जास्त ठाऊक होतं, तरी मी त्याला ते ऐकवलं. नियमाप्रमाणे मी बरोबर होतो. आजही कुठल्या परीक्षेत विचारलं तर तेच उत्तर लिहीन. पण त्या एका होकाराने दोन भावांच्या चुली म्हातारा सुटताच एक झाल्या असत्या, हेही तितकंच खरं.

त्याच दिवशी वरून विचारणा आली. ‘सदर कृत्यात किती इसम सामील आहेत, आकडा तात्काळ कळवा.’ आता एकच मार्ग होता. दोन पंच बोलावले, सील काढलं, टेबलावर पेपर पसरला आणि मडकं उपडं केलं. नाचणीचे दाणे म्हणजे आरोपींची संख्या, असं ते गणित होतं. चार माणसं अर्धा तास दाणे वेगळे करत बसलो. नाचणीचा दाणा मोहरीएवढा, बोटाला चिकटतो, आणि पंखा लावायची सोय नाही. दोनदा मोजलं. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं.

भात पुढं होतं. अठरा दाण्यांनी.

मी खुर्चीत मागे टेकलो. वाड्यांनी खालच्या पंचायतीतच राहायचं ठरवलं होतं. ज्या निकालाच्या भीतीने आम्ही दोन गाड्या घेऊन डोंगर चढलो, तो निकाल आमच्या बाजूने लागला होता. आम्ही तासभर उशिरा पोहोचलो असतो, तर म्हाताऱ्याने स्वतः तो जाहीर केला असता, सगळे जेवले असते आणि चुन्याचा दगड त्यानेच पाडला असता.

आनंदाने साहेबांना फोन लावला. त्यांनी आकडा पुन्हा वदवून घेतला. मग म्हणाले, “हे कुणाला सांगितलंस?”

“नाही सर. पण सांगितलं तर विषयच मिटतो. म्हाताऱ्याला आज सांगतो आणि—”

“अजिबात नाही. आपण आकडा सांगितला म्हणजे ते मतदान आपण मानलं. आज अठराने आपल्या बाजूने आहे म्हणून मानायचं, उद्या दुसरीकडे उलट लागलं की मग? पुन्हा सील कर. पंचांनाही ताकीद दे.”

त्यांचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं. सरकार म्हणून विचार केला तर ते असंच बोलणार. मी पुन्हा सील केलं. राजद्रोहाचं कलम टिकण्यासारखं नव्हतं, ते काढून टाकायचा अहवाल पाठवला आणि तो मान्यही झाला. अडथळ्याचा गुन्हा मात्र राहिला आणि मडकं त्याचा मुद्देमाल. पाचव्या दिवशी म्हाताऱ्याला जामीन झाला. जाताना तो माझ्या टेबलापाशी थांबला.

“सायेब, भांडा उंचावर ठेवा. उंदीर लागतील.”

मला निकाल माहीत होता. एक वाक्य बोलायचं होतं, चार शब्दांचं. मी म्हणालो, “ठेवतो.” आणि खरोखर मुद्देमाल खोलीत छताच्या आकड्याला शिंकं करून ते टांगलं. तेवढंच केलं. नोकरीत कधी लाच घेतली नाही, कुणाला उगाच मारलं नाही, पण तो न बोललेला शब्द मला त्या सगळ्याहून जड जातो.

पुढच्या निवडणुकीला मी त्याच भागात बंदोबस्ताला होतो. वाड्यांच्या मतदान केंद्रावरची माणसं सकाळपासून टेबल मांडून बसली. चार वाड्यांतून एकही माणूस आला नाही. ज्यांनी मडक्यात भाताचा दाणा टाकला होता तेही आले नाहीत. संध्याकाळी पेटी रिकामी परत गेली. आमचं मडकं नेता, मग तुमच्या पेटीत आम्ही का टाकू, असा साधा हिशेब होता तो. मग सरकार हललं. आधी जमावबंदी, मग समिती, मग रस्त्याला खडी, मग आश्वासनं आणि काही वर्षांनी वाड्यांना वेगळी ग्रामपंचायत. जी गोष्ट त्यांनी त्या दिवशी अठरा दाण्यांनी नको म्हटली होती, ती आम्ही त्यांना घ्यायला लावली.

माझी बदली झाली. मधल्या काळात कानावर यायचं. बाकीच्या घरांनी वर्षभराने वाघोबाला नारळ ठेवून एकमेकांकडे जेवायला सुरुवात केली. म्हाताऱ्याने नाही केली. धाकट्याच्या मुलीच्या लग्नात त्याने अक्षता टाकल्या, पाहुण्यांना वाढलं आणि जेवायला मात्र आपल्या ओट्यावर गेला. त्याच्या मनात राग नव्हता म्हणतात. मडकं त्याने बसवलं होतं, एवढंच.

सात-आठ वर्षांनी एक दिवस हवालदाराचा फोन आला. तो निवृत्तीला टेकला होता आणि मी इन्स्पेक्टर होऊन जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला.

“साहेब, तुमच्या मडक्याची केस सुटली. सगळे निर्दोष. म्हातारा मात्र गेला, मागच्या साली.”

“आणि मडकं?”

“मुद्देमाल मूल्यहीन, सबब नाश करावा, असा हुकूम आहे. या वेळी तर कायद्यानेच फोडायचं आहे. फोडू?”

“हात लावू नको,” मी म्हणालो. वकिलाकडून अर्ज देऊन तो हुकूम बदलून घेतला, ‘मालकास परत’ असा. रजा काढली आणि आम्ही दोघे, साध्या कपड्यांत, मडकं छातीशी धरून डोंगर चढलो. वाटेच्या तोंडाशी चुन्याच्या दगडाशेजारी आता नव्या ग्रामपंचायतीची पाटी होती.

म्हाताऱ्याची बायको अंगणात बसली होती. तिने मला ओळखलं. मडकं दोन्ही हातांनी घेतलं, सील तोडलं आणि दाणे सुपात ओतले. धाकटा भाऊ त्याच्या ओट्यावरून उतरून आला आणि जरा अंतर ठेवून बसला. केस पिकले होते त्याचे.

तिने सूप पाखडायला घेतलं. पहिल्याच झटक्याला भात उडालं. सगळं. कीड लागून आतून पोकळ झालेली नुसती टरफलं होती ती, अंगणभर गेली. सुपात राहिली ती नाचणी, जशीच्या तशी, लाल, टणक. नाचणीला कीड लागत नाही, कितीही वर्षं ठेवा, हे मला त्या दिवशी कळलं. मी उंदरांपासून जपलं होतं. पण सरकारच्या बाजूचे दाणे सरकारच्याच कोठडीत संपले होते, आणि वेगळे व्हा म्हणणारे तेवढे उरले होते.

धाकट्याने सुपाकडे पाहिलं आणि मला विचारलं, “सायेब, तवा तुमी मोजला व्हता म्हनतात. काय निघाला व्हता?”

साहेब कधीच निवृत्त झाले होते. मी म्हणालो, “भात पुढं होतं. अठरा दाण्यांनी.”

त्याने अंगणातलं एक टरफल उचलून बघितलं. मग म्हणाला, “मंजे मी जितलो व्हतो.”

“हो.”

“आनि मीच—” त्याने वाक्य सोडलं आणि वहिनीकडे पाहिलं.

ती नाचणी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “माज्या घरच्याला ठाव व्हता रे. त्या दिशी तू इस्त्रीचा सदरा घालून उतरलास, तवाच वळखला त्यानं.”

“कवा बोलला नाय मला.”

“भांडा शिजल्याबिगर कसा बोलंल? शिजल्यावर तं बोलायचाच नस्ता.” ती उठली, जात्यावर गेली, ती नाचणी आणि घरातली दोन मुठी नाचणी दळली आणि चूल पेटवली. “बस हितं. तवा तापलाय.”

तो तिच्या चुलीपुढे बसला आणि जेवला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायचाही त्याने प्रयत्न केला नाही. हवालदार उठून अंगणाबाहेर गेला. मीही निघणार होतो, तर तिने माझ्यापुढे भाकरी ठेवली. मी म्हणालो, “आजी, माझा यात काय हक्क?”

“तुमी मोजलाव ना,” ती म्हणाली. “मोजनाऱ्याला जेवावाच लागतो.”

आता ती नाही, धाकटाही नाही, म्हणून हे लिहितो आहे. अधूनमधून पेपरात वाचतो, कुठल्याशा देशात एखादा प्रांत वेगळा व्हायचं म्हणतो, लोक आपलं आपण मत घ्यायचं ठरवतात, आणि सरकार पेट्या उचलायला पोलीस पाठवतं. वेगळं व्हावं की राहावं, यात मला मत नाही. वेगळं होणं बरोबर असतं असंही नाही आणि एकत्र राहणं चूक असतं असंही नाही. पण एवढं शिकलो, की सरकारला बऱ्याचदा उत्तराची भीती नसते, प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला याची असते. आणि आपण उचलून नेलेलं मत आहे तसं राहत नाही. ते बंद खोलीत बदलत जातं आणि पुढे उघडून बघतो, तेव्हा आपल्या बाजूचं काही उरलेलं नसतं.

ती बातमी वाचताना मी पेट्या उचलणाऱ्या फौजदाराचा विचार करतो. तो हुकमाचा ताबेदार, त्याची नोकरी आहे, घरी पोरं आहेत, मला सगळं समजतं. तरी त्याला एवढं सांगावंसं वाटतं: पोरा, तिथे कुणी बस म्हणालं तर घटकाभर बस. त्यांचं मोजून होऊ दे. आणि वाढलं, तर जेवून ये.